प्रभात फिल्म कंपनी : उभारणी, वाटणी आणि विक्री

प्रभातचा इतिहास आपल्याकडे चित्रपटांच्या नावांनी सांगण्याची रीत आहे. ‘अयोध्येचा राजा’पासून सुरुवात करायची, ‘संत तुकाराम’पाशी थोडे थांबायचे, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ असे करत ‘रामशास्त्री’पर्यंत यायचे आणि तिथे लेखणी खाली ठेवायची. पुढची नऊ-दहा वर्षे एका वाक्यात उरकतात : शांतारामबापू सोडून गेले, दामलेमामा वारले, कंपनी बुडाली. हे वाक्य खोटे नाही, पण त्यातून फारसे काही कळत नाही. जिचा एक बोलपट मुंबईच्या एकाच चित्रगृहात ५७ आठवडे चालला, त्या कंपनीला त्यानंतर सतरा वर्षांच्या आत दारे बंद करावी लागली. जागा, यंत्रे आणि चित्रपट असे सारेच दुसऱ्यांच्या हाती गेले. हे कसे झाले, ते पैशाच्या बाजूने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

स्मरणिकेत तोट्याची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. प्रभात ही दर महिन्याला पगार देणारी संस्था होती. तिथे दिग्दर्शकापासून सुतारापर्यंत सगळे नोकरीला होते. पगाराची तारीख सांभाळून ज्यांनी असे चित्रपट केले, त्यांच्या जमाखर्चाकडे आदराने पाहिलेच पाहिजे.

कंपनी कोल्हापुरात स्थापन झाली ती १ जून १९२९ रोजी. भागीदार पाच : विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि भांडवलाची बाजू उचलणारे सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पेंटरांच्या हाताखाली त्यांनी पडदे रंगवले, कॅमेरा उघडून पाहिला, फिल्म धुतली, गरज पडली तेव्हा भूमिकाही केल्या. पैसा एकाचा आणि कसब चौघांचे, अशी ही भागीदारी होती. कसबाला किंमत किती लावायची, हा भागीदारीतला सर्वात अवघड प्रश्न असतो. सगळे एका छताखाली राबत असतात तोवर तो कोणी विचारत नाही.

कोल्हापुरात प्रभातने सहा मूकपट काढले. ‘गोपालकृष्ण’ पहिला. शिवकाळावरच्या ‘उदयकाल’चे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ होते. ‘स्वराज्य’ हा शब्द ब्रिटिश सेन्सॉरला पचला नाही, म्हणून ते बदलावे लागले. मूकपटाचा धंदा हिशेबाला सोपा होता. पाट्यांची भाषा बदलली की तोच चित्रपट पंजाबात चाले आणि मद्रासेतही. निगेटिव्ह एक आणि बाजार अख्खा देश.

मार्च १९३१ मध्ये मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि हे गणित मोडले. प्रभातच्या मालमत्तेची पहिली मोठी घट मी तिथे मानतो. कंपनीला जेमतेम दोन वर्षे झाली होती. सहा चित्रपटांच्या निगेटिव्ह कपाटात जशाच्या तशा होत्या, एका फुटालाही ओरखडा नव्हता. पण वर्ष-दीड वर्षात त्यांना गिऱ्हाईक उरले नाही. मूकपटाचा कॅमेरा आवाज करी, त्यामुळे तोही अपुरा पडला. ध्वनिमुद्रणाचे यंत्र घ्यायचे, ते चालवणारा माणूस तयार करायचा, गाणारे नट आणायचे, म्हणजे धंदा जवळजवळ पहिल्यापासून उभारायचा होता. दामल्यांनी ध्वनीचे तंत्र आत्मसात केले आणि फेब्रुवारी १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मुंबईत झळकला. तारामतीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे होत्या, हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. इतक्या मोठ्या धक्क्यातून इतक्या लवकर सावरणे कोल्हापूरच्या त्या मंडळींना जमले, कारण शिकण्याची सवय हेच त्यांचे खरे भांडवल होते.

याच वेळी प्रभातने खर्च वाटून घेण्याची एक युक्ती कायम केली. एकाच सेटवर, त्याच पोशाखांत, त्याच दिव्यांखाली मराठी आवृत्ती आणि हिंदी आवृत्ती पाठोपाठ चित्रित करायची. फिल्म दुप्पट लागे, दिवस वाढत. पण सेट, वेशभूषा, कपडेपट आणि पगार यांचा बोजा दोन चित्रपटांवर विभागला जाई. मराठी बोलपटाचा बाजार मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, बेळगाव एवढ्यातच फिरत असे. ‘कुंकू’सारखा विषय केवळ त्या बाजाराच्या भरवशावर, एवढ्या निगुतीने करणे परवडले नसते. ‘कुंकू’मागे ‘दुनिया न माने’ होता, ‘माणूस’मागे ‘आदमी’, ‘शेजारी’मागे ‘पडोसी’. मराठी प्रेक्षकाला जो दर्जा मिळाला, त्याचे अर्धे पैसे हिंदी प्रेक्षकाने भरले आहेत. हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

१९३३ साली दोन मोठे निर्णय झाले. एक फसला आणि एक गाजला. फसला तो ‘सैरंध्री’चा. चित्रपट रंगीत करायचा म्हणून त्याची प्रक्रिया जर्मनीत करवून घेतली, शांतारामबापू स्वतः तिकडे गेले. पण रंग मनासारखे उतरले नाहीत आणि तो खर्च वाया गेला. तरी जर्मनीच्या त्या मुक्कामात जे पाहिले, ते पुढच्याच वर्षी ‘अमृतमंथन’मध्ये दिसले. चंद्रमोहनच्या डोळ्यांची ती भेदक जवळची दृश्ये आठवा. बुडालेल्या पैशातून हाती आलेले हे शिक्षण कोणत्या खात्यावर जमा करायचे, ते कोणत्याही मुनिमाला सांगता आले नसते.

दुसरा निर्णय पुण्याला येण्याचा. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी, एरंडवण्यात, तेव्हाच्या गावकुसाबाहेर, कंपनीने जागा घेतली आणि देशातल्या मोठ्यांत मोजावा असा चित्रीकरणाचा फ्लोअर बांधला. लॅबोरेटरी, संकलन, सुतारकाम, कपडेपट असे सगळे आवारातच होते. तळे खोदले, झाडी वाढवली. बाहेरचे चित्रण आवारातच व्हावे हा हेतू. १९३४ साली सरदार किबे यांच्या मालकीचे चित्रगृह पुण्यात ‘प्रभात’ नावाने सुरू झाले आणि पहिला चित्रपट लागला तो ‘अमृतमंथन’. वितरणाची बाजू फेमस पिक्चर्सच्या बाबूराव पैंकडे होती. निर्मिती, प्रयोगशाळा, वितरण आणि घरचा पडदा अशी साखळी पुरी झाली.

ही साखळी चालू ठेवायला वर्षाला किती चित्रपट लागत, हा आता कळीचा मुद्दा होतो. स्टुडिओचा खर्च दोन प्रकारचा असतो. चित्रपट काढला तरच होणारा खर्च एक : फिल्म, सेटचे लाकूड, पाहुण्या नटाचे मानधन. दुसरा, चित्रपट निघो वा न निघो, होणारच : पगार, वीज, इमारतींची डागडुजी, यंत्रांचा घसारा. कोल्हापुरात दुसरा खर्च लहान होता, पुण्यात तो मोठा झाला. असा स्टुडिओ म्हणजे मोठा बारदाना असलेले घर. एक कमावता बसला तरी चुलीला सुट्टी नाही. वर्षाला तीन चित्रपट निघाले आणि त्यातला एक जोरात चालला, तर सगळे सुखाने निभे. दोनच निघाले आणि दोन्ही बेताचे चालले, तर मागच्या वर्षाची शिल्लक खावी लागे.

चित्रपट हा माल कसा आहे, तेही पाहू. कापडाच्या गिरणीत ठाण न खपले, तर भाव पाडून पुढच्या हंगामात विकता येते. चित्रपटाचे जवळजवळ सगळे उत्पन्न पहिल्या काही महिन्यांत येते. मोठ्या शहरांतला पहिला फेरा संपला की वहीतली त्याची किंमत झपाट्याने खाली आणावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तालुक्याच्या गावांतून थोडेफार येते, मग निगेटिव्ह कपाटात जाते आणि हिशेबात तिची किंमत नाममात्र उरते. शहाणा व्यापारी असेच करतो, कारण न चाललेल्या चित्रपटाची किंमत चढी ठेवली तर ताळेबंद फुगतो आणि कर्ज देणारा फसतो. एक अडचण मात्र राहते. जो चित्रपट चाळीस वर्षांनीही लोक पाहणार आहेत, त्याची किंमतही याच नियमाने शून्याकडे जाते.

‘संत तुकाराम’चे उदाहरण घ्या. १९३६ साली आलेला दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रलमध्ये ५७ आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची निवड झाली. तुकारामाच्या भूमिकेतल्या विष्णुपंत पागनिसांना लोक नमस्कार करू लागले. त्याच्या आदल्याच वर्षी बालगंधर्वांना घेऊन केलेला ‘धर्मात्मा’ मात्र अपेक्षेच्या कितीतरी खाली राहिला होता. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’. ते सेन्सॉरने बदलायला लावले. एकनाथांच्या भूमिकेत पुरुषवेषातले बालगंधर्व प्रेक्षकांना भावले नाहीत आणि बालगंधर्व-प्रभात ही भागी त्या एका चित्रपटावर थांबली. नामवंत नट, मोठी जाहिरात आणि तोटा. साधी माणसे, साधी मांडणी आणि विक्रमी उत्पन्न. दोन्ही गोष्टी एकाच आवारात, वर्षभराच्या अंतराने घडल्या. चित्रपटधंद्यात कोणाला अंदाज करता येत नाही, त्यामुळे दहा चित्रपटांचा एकत्र विचार करूनच पाऊल टाकावे लागते. प्रभातने १९४१ पर्यंत ते टाकले.

फट पडली ती भागीदारीत. पहिले बाहेर पडले केशवराव धायबर. नलिनी तर्खड यांच्याशी त्यांनी लग्न केले, ते इतर भागीदारांना मान्य नव्हते, आणि त्यांनी कंपनी सोडली. पुढे बाबूराव पै भागीदार झाले. मग शांतारामबापूंचे आणि उरलेल्यांचे जमेनासे झाले. ‘शेजारी’ १९४१ चा. धरण फुटण्याचा तो अखेरचा प्रसंग प्रभातच्या कारागिरांच्या कौशल्याचा कळस होता. त्यानंतर बापूंनी प्रभात सोडली आणि १९४२ साली परळला वाडिया मूव्हिटोनच्या जागेत राजकमल कलामंदिर सुरू केले. तिथला पहिला ‘शकुंतला’ मुंबईत दोन वर्षे चालला.

भांडणात कोण बरोबर होते, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. त्यात मला भर घालायची नाही. कायद्याची बाजू मात्र फारशी कोणी पाहिलेली नाही. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा, म्हणजे बोलपटाच्याच वयाचा. भागीदार निघाला की त्याच्या हिश्शाचा हिशेब करून द्यावा लागतो, आणि संस्थेचा नावलौकिकही मालमत्तेत धरला जातो. हा कायदा गिरणी, पेढी, दुकान यांना नीट लागू पडतो. पेढीचा भागीदार गेला तरी पेढीचे नाव आणि गिऱ्हाईक मागे राहतात. चित्रपट कंपनीत नाव कंपनीचे असले तरी ते कमावणारा हात एखाद-दुसऱ्याचा असतो. तो हात निघाला की मागे राहिलेल्यांच्या वाट्याला नावाची पाटी येते आणि त्या पाटीला शोभेल असा पुढचा चित्रपट काढण्याची जबाबदारी येते. प्रभातमध्ये प्रत्येक वेळी माणूस गेला तेव्हा त्याचे कसबही त्याच्याबरोबर गेले. आवार, फ्लोअर, पगारपत्रक मात्र पूर्वीएवढेच राहिले. प्रभातच्या अडचणीचे मूळ माझ्या मते इथे आहे. एकदोन चित्रपट पडल्याने ती बुडाली, असे मला वाटत नाही.

बापू गेल्यावर कंपनी लगेच कोसळली, हा समजही चुकीचा आहे. १९४२ चा राजा नेने यांचा ‘दहा वाजता’ चांगला चालला. १९४४ चा ‘रामशास्त्री’ तर प्रभातच्या पहिल्या पाचांत बसावा. गजानन जागीरदारांचा तो न्यायाधीश ज्यांनी पाहिला ते विसरले नाहीत. प्रभातचे शिक्षण एका माणसावर अवलंबून नव्हते याचा तो पुरावा आहे. पण दामलेमामांची प्रकृती ढासळत गेली आणि ५ जुलै १९४५ रोजी ते गेले. ध्वनी, यंत्रशाळा, लॅबोरेटरी, माणसांची शिस्त, सगळ्यावर त्यांचा हात होता. दामले आणि फत्तेलाल ही जोडी पेंटरांच्या काळापासूनची. त्यातला एक गेल्यावर दुसऱ्याचे मन कामात कसे राहणार?

काळही फिरला होता. महायुद्धात कच्ची फिल्म परदेशातून येणे कठीण झाले, सरकारने तिच्यावर परवाना बसवला आणि १९४३ साली चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली. परवाना ज्याच्या हाती तो निर्माता, असे दिवस आले. युद्धाच्या ठेक्यांत आणि काळ्याबाजारात कमावलेला रोख पैसा चित्रपटांत शिरला. या नव्या निर्मात्याकडे स्टुडिओ नव्हता, पगारी माणसे नव्हती, लॅबोरेटरी नव्हती. त्याने फक्त नट धरला. पगारी नटाला वर्षभरात मिळे त्याच्या कितीतरी पट रक्कम तो एका चित्रपटाला देई, त्यातली काही पावतीशिवाय. नट स्टुडिओ सोडून गेले, त्यांच्यामागून संगीतकार गेले. महिन्याच्या पगाराला आणि सचोटीच्या वहीला या बाजारात जागा राहिली नाही. आजवर जे आवार अभिमानाचे होते, ते आता खर्चाचे झाले.

हे एकट्या प्रभातचे दुखणे नव्हते. हिमांशू राय यांची बॉम्बे टॉकीज मर्यादित कंपनी होती, तिथे संचालक मंडळ होते, भागधारक होते. ‘किस्मत’सारखे अफाट उत्पन्न तिने पाहिले होते. तीही पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचीही त्याच दशकात तीच गत झाली.

१९४५ पासूनचे प्रभातचे चित्रपट आज फारसे कोणाला आठवत नाहीत : ‘लाखारानी’, ‘गोकुल’, ‘हम एक हैं’, ‘आगे बढो’, ‘संत जनाबाई’, ‘अपराधी’. ओढ हिंदीकडे वाढली आणि मराठी प्रेक्षकाशी जडलेले नाते सैलावले. दोन भाषांवर खर्च वाटण्याची जुनी पद्धत मागे पडली, पण नुसत्या हिंदीसाठी लागणारे मोठे नट परवडण्याजोगे नव्हते. अशी ती कोंडी होती.

तरी याच पडत्या वर्षांत त्या आवारात कोण आले ते पाहा. बाबूराव पैंच्या कचेरीत एक देखणा पंजाबी तरुण काम मागायला आला; ‘हम एक हैं’ हा देव आनंदचा पहिला चित्रपट. गुरुदत्त पदुकोण हा तरुण १९४४ पासून प्रभातमध्ये करारावर होता, नृत्ये बसवत होता, दिग्दर्शकाच्या हाताखाली शिकत होता. रेहमानही तिथलाच. धोब्याकडून आलेल्या शर्टांच्या अदलाबदलीतून देव आणि गुरुदत्त यांची मैत्री जुळली आणि ज्याला आधी संधी मिळेल त्याने दुसऱ्याला घ्यायचे, असे त्यांनी ठरवले. ‘बाझी’ त्यातूनच आला. तेव्हाच्या जमाखर्चात हे तिघे पगाराच्या रकान्यातली किरकोळ नावे असतील. माझ्या दृष्टीने प्रभातच्या शेवटच्या दहा वर्षांची ही सर्वात मोठी कमाई आहे, आणि तिचा एक पैसाही कंपनीला मिळाला नाही.

१९४९ साली सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. तिच्या सदस्यांत व्ही. शांताराम होते आणि न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार होते. ज्यांनी देशातले दोन सर्वोत्तम स्टुडिओ उभारले, त्यांनीच स्टुडिओंच्या पडझडीची कारणे तपासली. १९५१ च्या अहवालात समितीने चित्रपटांना रास्त व्याजाने भांडवल देणारे महामंडळ काढा आणि शिक्षण देणारी संस्था स्थापन करा, अशा शिफारशी केल्या. प्रभातला हे दोन्ही हवे होते : युद्धोत्तर वर्षांत सावकारापेक्षा स्वस्त पैसा, आणि गेलेल्यांच्या जागी तयार माणसे. अहवाल आला तेव्हा उशीर झाला होता. १९५३ च्या ऑक्टोबरात कंपनीचे काम थांबले. २४ वर्षांत, मूकपट धरून, सुमारे ४५ चित्रपट झाले होते.

पुढे मालमत्तेचे तुकडे पडले आणि प्रत्येकाची वाट वेगळी झाली. चित्रपटांचे हक्क दुसऱ्यांकडे गेले. वहीत ज्यांची किंमत कधीच नाममात्र झाली होती त्या निगेटिव्हसाठी दामलेमामांचे चिरंजीव अनंतराव यांनी पुन्हा पैसे मोजले आणि ते हक्क परत मिळवले. त्यानंतर ‘तुकाराम’, ‘माणूस’, ‘शेजारी’ पुन्हा पडद्यावर आले आणि कित्येक वर्षे प्रेक्षक मिळवत राहिले. मराठी माणसाने प्रभात दुसऱ्यांदा पाहिली ती अनंतरावांमुळे. हे ऋण स्मरणिकेत नोंदवलेच पाहिजे.

आवाराचे भाग्य त्याहून चांगले निघाले. १९६० साली केंद्र सरकारने तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली आणि त्याच वर्षी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनही स्थापन झाली. म्हणजे पाटील समितीच्या दोन्ही शिफारशी एकाच वेळी अमलात आल्या. संस्थेचे पहिले प्राचार्य झाले गजानन जागीरदार. ‘रामशास्त्री’चे दिवे ज्या फ्लोअरवर लागले होते, तिथे ते विद्यार्थ्यांना शिकवायला उभे राहिले. जो फ्लोअर प्रभातला पोसता येईना, त्याच्यावर पुढे देशभरातल्या मुलांनी पहिला शॉट घेतला. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच आले.

संग्रहालयाच्या ताब्यातल्या जुन्या नायट्रेट फिल्मना जानेवारी २००३ मध्ये आग लागली. त्यात प्रभातचे मूळ साहित्यही जळाले. नायट्रेट फिल्म स्वभावतःच ज्वालाग्राही असते आणि वय झाले की अधिकच धोकादायक होते. तिच्या प्रती वेळीच सुरक्षित फिल्मवर घ्याव्या लागतात. ज्यांच्या प्रती झाल्या होत्या ते चित्रपट वाचले. चित्रगृहाचा करार डिसेंबर २०१४ मध्ये संपला आणि ८० वर्षे ‘प्रभात’ म्हणून ओळखली गेलेली वास्तू किबे कुटुंबाकडे परत गेली. मूकपटांपैकी बहुतेक आता पाहायला मिळत नाहीत. बोलपटांच्या उरलेल्या प्रती कोणाकडे, कोणत्या अवस्थेत आहेत, याची एकत्र नोंद करणे आणि चांगल्या प्रतींवरून नवे जतनमुद्रण करून घेणे, हे काम अजून व्हायचे आहे. ते राज्य शासन, संग्रहालय आणि दामले कुटुंबीय यांनी मिळून हाती घ्यावे.